रविवारच्या अंड्यांची कोंबडी

चर्चच्या आवारात भांडणारी बाई, असं माझ्या आईचं नाव पडलं होतं. पडलं तर पडलं. त्या दिवशी ती गप्प बसली असती, तर मला तिची लाज वाटली असती.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. राहात्याजवळच्या एका गावात वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. यापुढे चर्चच्या पाळकांचा अर्धा पगार मंडळीनंच, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांनीच, उभा करायचा, असं मिशननं कळवलं होतं. वडिलांच्या पगारातला दशांश दर महिन्याला चर्चला जाई. आई म्हणाली, "त्यो तुमचा झाला. माझ्या हातचं देवाला काय हाय?"

मग तिनं आपलं आपणच ठरवलं. रविवारी आमच्या कोंबड्यांनी घातलेलं प्रत्येक अंडं देवाचं. ते वेगळ्या टोपलीत जाई. मला ताप आला तेव्हाही त्यातलं एक मिळालं नाही, सोमवारपर्यंत थांबावं लागलं. काही अंडी ती बाजारात विकून पैसे पत्र्याच्या डब्यात टाकी, काही खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवी. त्यातून निघालेली सगळ्यांत धष्टपुष्ट कोंबडी कापणीच्या सणाला चर्चमध्ये जाई.

सणाच्या उपासनेनंतर लोकांनी आणलेल्या वस्तूंचा आवारात लिलाव व्हायचा; ते पैसे पाळकांच्या पगाराला जात. तिथे राज्य मंडळीच्या थोरल्या पंचांचं. त्यांनी बोली लावली की पुढे कोणी तोंड उघडत नसे. पहिल्या वर्षी आमची कोंबडी त्यांनी सहा आण्यांत उचलली आणि पुढच्याच बाजारात दोन रुपयांना विकली. आईनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन म्हणाली, "पाळकांच्या पोरांच्या अंगावर धड कापड न्हाई, अन् ह्यो देवाच्या जिवावर धंदा करतोय!"

वडील घाबरले. "हळू बोल. त्यांनी मनात आणलं तर माझी बदली होईल."

"हुंद्या. कोंबड्या तिथंबी अंडी घालतील."

पुढच्या सणाला तिनं एक काबरी कोंबडी दिली आणि डबा पदराखाली घेऊन बायकांत बसली. पंच म्हणाले, "सहा आणे." लिलाव करणारा "एकवार" म्हणतो न म्हणतो तोच आई उठली. "रुपया!"

हशा पिकला. पंच म्हणाले, "मास्तरीणबाई, आपलीच कोंबडी इकत घेता व्हय?"

"माझी कुठली? सकाळीच देवाची झाली. तुमी बोला."

सव्वा, दीड, दोन. पंचांचे कान लाल झाले. बाईमाणसापुढे माघार कशी घ्यायची? आई म्हणाली, "अडीच." डब्यात तेवढेच होते, हे मला माहीत होतं. वडील जमिनीकडे पाहत होते.

"तीन!" पंच ओरडले.

तीनवार झालं. आई शांतपणे पुढे गेली आणि तिनं डबा दानाच्या ताटात उपडा केला. "हे रविवारच्या अंड्यांचं. हेबी देवाचंच हुतं." मग पंचांकडे वळली. "आता तुमचे तीन टाका."

सगळ्यांदेखत त्यांना ते टाकावे लागले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या, आणि शेजारच्या बाईनं माझा हात धरला.

पावसाळ्यापूर्वी वडिलांची बदली झाली, थेट भंडारदऱ्याकडच्या डोंगरात. बैलगाडीत आईनं सगळ्यांत आधी खुराडं चढवलं. नव्या घरातल्या पहिल्या रविवारी कोरड्या भाकरीखेरीज खायला काही नव्हतं. कोंबड्यांनी तीन अंडी घातली होती. आई काही बोलायच्या आत वडिलांनीच ती उचलली आणि देवाच्या टोपलीत ठेवली.