एक्का, दुर्री, तिर्री

माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. तहसील कचेरीत लोकांच्या सह्या पारखण्यात तीस वर्षं गेली. त्यामुळे खोटी सही लांबून ओळखू येते आणि खरी सहीही खोटीच वाटते, हा त्या नोकरीचा प्रसाद. नायगावच्या बाजारात मी आधी रिकामा काटा बघतो आणि मग वांगी. बायको म्हणते, माझ्यासोबत बाजारात यायची तिला लाज वाटते.

तर अशा माणसाच्या लेकीला स्थळ आलं. मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने आणलं. मुलगा भोकरकडचा, नोकरी लातूरला, एका बँकेत. मी भोकरला जाऊन दोन दिवस चौकशी केली. न्हाव्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं, शाळेतल्या मास्तरांना गाठलं. सगळे म्हणाले, पोरगं सोन्यासारखं आहे. एकानेही खोट काढली नाही, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

याआधी तीन स्थळं मी परत पाठवली होती. एकाचा बाप विनाकारण हसत होता, एवढंही मला पुरलं होतं. पाहण्याचा कार्यक्रम झाला, त्यांचा होकार आला, आमचं उत्तर अडलं. शेवटी एका रविवारी मेहुणा मुलाला जेवायला घेऊन आला आणि मला बाजूला नेऊन म्हणाला, "दाजी, संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. हेबी मोडलं तर मी पुन्हा या घरात स्थळ आणणार न्हाई."

जेवणं झाली आणि वीज गेली. मेहुण्याला पत्त्यांशिवाय दुपार काढता येत नाही. त्याने पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला आणि मुलाला विचारलं, "पत्ते येतात का पाव्हणं?"

मुलाने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "थोडे थोडे."

मला वाटलं, सापडला. सरळ माणूस हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो, दाराकडे कशाला बघतो? जुगारीच असणार. मीच म्हणालो, वाटा पत्ते. खेळताना माणूस उघडा पडतो. डब्यातले चिंचोके काढून तिघांत वाटून घेतले.

तीन पत्ती मला येत होती, लहानपणी पोळ्याच्या दुपारी खेळलेली. माझं लक्ष पानांवर कमी आणि मुलाच्या हातांवर जास्त. पत्ते पिसताना त्याचे हात फार सफाईने चालत होते. सहा डाव झाले, सहाही तो हरला. हा मुद्दाम हरून मला खूश करून राहिला, अशी माझी खात्री झाली.

"काका, मुफलिस खेळू का?" तो म्हणाला. "तीन पत्तीच, पण उलटी. ज्याची पानं सगळ्यात भिकार, तो जिंकला. लई मजा येते."

भिकार पानांचा राजा होण्यात कसली मजा, मला कळेना. पण खेळलो. पहिल्या डावात दोन राण्या हातात धरून मी फुशारक्या मारल्या आणि तोंडावर आपटलो. दुसऱ्यात सावध झालो. तिसऱ्यात मात्र पानं उचलली आणि जीव सुखावला. एक्का, दुर्री, तिर्री, वेगवेगळ्या रंगांची. एक, दोन, तीन! याहून लहान काय असणार? मी चालीवर चाल चढवली. मेहुण्याने पानं टाकली. मुलगा शांतपणे चिंचोके सरकवत होता.

तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. माझ्या मागून वाकली, पानं पाहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, ही तर सिक्वेन्स झाली! मोठी पानं हायत, पॅक करा, टाकून द्या."

"पानं सांगायची न्हाईत, ठरलंय ना आपलं," मुलगा म्हणाला. बोलला आणि पांढराफटक पडला.

लागून आली की मुफलिसातही एक-दोन-तीन मोठीच धरतात, हे त्याने मला अजून सांगितलंच नव्हतं. आणि माझ्या लेकीने या घरात कधी पत्त्याला हात लावला नव्हता. मेहुणा बंद पंख्याकडे बघू लागला. दारात उभी असलेली बायको स्वयंपाकघरात सरकली.

"तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"लातूरला, हॉस्टेलात."

"आणि यांना?"

"मी," ती म्हणाली.

बारावीपासून ती लातूरला शिकली. दर रविवारी फोन करून मी अभ्यास विचारायचो, मैत्रिणींची नावं विचारायचो. ती सगळं सांगायची. जगात एका तिच्यावरच मी कधी संशय घेतला नव्हता. भोकरच्या न्हाव्यापर्यंत गेलो आणि घरातलं मला दिसलं नाही.

"दाजी, पोरीनंच मला सांगितलं होतं," मेहुणा पुटपुटला. "ताईलाबी ठाऊक हाय."

म्हणजे मी सोडून सगळ्यांना. मला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. "मला कामून न्हाई सांगितलं?"

लेकीने मान वर केली. "सांगितलं असतं तर तुम्ही भोकरला गेलेच नसते, बाबा. चौकशीबी केली नसती. बसल्या जागी न्हाई म्हणले असते."

खरं होतं. मला माझीच लाज वाटली. मुलगा पत्ते गोळा करायला लागला. मघाच्या त्या सफाईदार हातांतून दोन पानं सतरंजीवर पडली.

"राहू द्या," मी म्हणालो. लेकीला जागा करून दिली. "बस. तूबी खेळ."

ती बसली. तिच्या पुढ्यात मी मूठभर चिंचोके ठेवले आणि मेहुण्याला सांगितलं, "संध्याकाळची वाट बघू नका. आमचा होकार कळवा त्यांच्या घरी."

मग मुलाच्या हातातला कॅट काढून घेतला. पत्ते मात्र मीच पिसले.