खो-खोच्या पोरींचं जेवण

आमची कप्तान खांबाला वळसा घालता घालता खाली बसली. पडली नाही, बसली. दोन्ही हात खांबाला धरून, डोळे मिटून. मला वाटलं पाय मुरगळला असेल. जवळ जाऊन पाहिलं तर तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चहा."

"चहाबरोबर?"

"चहाच, बाई."

मी तेव्हा येरवड्यातल्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवत होते. पलीकडे कल्याणीनगरच्या बाजूला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांतून गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मुलं-मुली जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडायची. आमच्या शाळेतल्या बऱ्याच पोरींच्या आया त्याच इमारतींच्या फरश्या पुसायला जायच्या.

आमचा खो-खोचा संघ वाईट नव्हता. पहिल्या डावात आम्ही हमखास पुढे असायचो. दुसऱ्या डावात मात्र पोरींचे पाय जड व्हायचे, आणि हातातला सामना जायचा. दोन वर्षं मी याला सरावाची कमतरता समजत होते, म्हणून मैदानाच्या फेऱ्या वाढवत नेल्या. पाचाच्या आठ केल्या, आठाच्या दहा. त्या दिवशी मी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि विचारलं, "आज चहाशिवाय दुसरं काही ज्यांनी खाल्लंय त्यांनी हात वर करा."

तीस पोरी होत्या. हात वर आले सात. त्यातल्या एकीने नुसती खारी खाल्ली होती.

मी त्या दिवशी फेऱ्या मारायला लावल्या नाहीत. सगळ्यांना घरी पाठवलं आणि एकटीच पायरीवर बसून राहिले. दोन वर्षं मी उपाशी पोरींना पळवत होते, याची मला इतकी लाज वाटली की घरी गेल्यावरही कुणाला सांगवेना.

भाऊबीज झाली की बारा दिवसांचं शिबिर होतं आणि त्यानंतर लगेच स्पर्धा. शिबिरात अल्पोपाहाराची सोय असायची, म्हणजे चहा आणि दोन बिस्किटं. मी मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हटलं, "बिस्किटं नकोत. तेवढ्याच पैशांत मी जेवण देते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, तीस मुली, बारा दिवस आणि बिस्किटांचे पैसे. आपली नेमणूक खेळासाठी झाली आहे. जादूचे प्रयोग करता हे माहीत नव्हतं."

"प्रयोग करून बघते."

"खानावळच काढायची असेल तर राजीनामा द्या. पहिला डबा मी लावीन."

मी जागची हलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी खण उघडून चित्रकलेच्या वर्गामागच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे सरकवली. "भिंती धुराने काळ्या झाल्या तर रंग तुम्ही द्यायचा," एवढंच म्हणाल्या.

मोठी भांडी मागच्या गल्लीतल्या बुद्धविहारातून मिळाली. जयंतीच्या जेवणाची पातेली, पराती, वाढायची वगराळी तिथे पोटमाळ्यावर ठेवलेली होती. तिथल्या म्हाताऱ्या कार्यवाहांनी कसल्या कागदावर सही घेतली नाही. "घासून परत आणा," म्हणाले आणि दोन पोरांना हाक मारून भांडी शाळेत पोचवली.

माझं घर कसबा पेठेत. घरात चार माणसं, त्यात माझा स्वयंपाकाचा अंदाज चार माणसांचाच. पहिल्या दिवशी मी माणशी दोन पोळ्या, वाटीभर भाजी आणि थोडा वरणभात असा हिशेब धरला. पहाटे उठून घरी सत्तर पोळ्या लाटल्या, वरणभात शाळेत शिजवला. पोरी ओळीने बसल्या. दोन पोळ्या झाल्या की प्रत्येक जण ताटावर हात आडवा धरून म्हणायची, "पुरे, बाई." पोळ्या उरल्या. वरणही उरलं. अंदाज बरोबर आला म्हणून मी खूश झाले आणि हात धुवायला नळावर गेले.

परत आले तर डबा रिकामा. वरणाचं पातेलंसुद्धा कुणीतरी बोटांनी पुसून काढलेलं. पोरी भिंतीला टेकून माझ्याकडे न बघता बसल्या होत्या.

"कुणी खाल्लं?"

कप्तान उठून उभी राहिली. "सगळ्यांनीच, बाई."

"मग मघाशी पुरे का म्हणालात?"

"तुम्ही बघत होतात ना."

मला आधी राग आला आणि मग तिचं म्हणणं हळूहळू लक्षात आलं. या वयाच्या मुलीने तिसऱ्यांदा मागितलं की कुणीतरी बोलतं. भाऊ जेवायचाय, बाप यायचाय, तुला काय नांगर ओढायचाय का? मोजकं खायची सवय त्यांच्या अंगी लागली होती, आणि भूक मात्र चौदा-पंधरा वर्षांची, दिवसभर पळणाऱ्या पोरींची होती.

दुसऱ्या दिवशी मी वाढायचं काम त्यांच्याकडेच दिलं. "मी मैदानावर आखणी करतेय. संपेपर्यंत वाढा. कोण किती खातं हे मी विचारणार नाही," असं सांगून चुन्याची बादली घेऊन बाहेर गेले. आतून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत राहिला. सहा दिवसांसाठी आणलेली कणीक आणि तांदूळ त्या पोरींनी तीन दिवसांत संपवले.

पैसे संपायला आले. मी माझ्या पगारातले थोडे घातले, पण ते किती पुरणार. घरी सासूबाईंनी कणकेचा डबा पाहिला आणि म्हणाल्या, "पोळ्या शाळेत जातात हे समजलं. आता डबाही द्यायचाय का?"

चौथ्या दिवशी मी एक गोष्ट केली. कप्तानची आई कल्याणीनगरच्या एका मोठ्या कंपनीत साफसफाईला होती. तिथल्या कँटीनमध्ये रोज पातेलीच्या पातेली उरतात, हे मी कप्तानच्याच तोंडून ऐकलं होतं. मी दुपारी तिथे गेले. कँटीन सांभाळणारा तरुण फार सभ्य होता. "मॅडम, डेली इतकं वेस्ट जातं ना, तुम्ही नेलंत तर आम्हालाच बरं वाटेल," म्हणाला. त्याने माणसाबरोबर शाळेपर्यंत पुलाव, पनीरची भाजी आणि गुलाबजाम पाठवले. स्वच्छ, झाकलेले, अजून कोमट. पोरींनी असं जेवण लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. एक जण गुलाबजाम खाता खाता डोळे मिटून घेत होती. मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला.

संध्याकाळी कप्तानची आई मला शोधत शाळेत आली. बुलढाण्याकडची बाई, उंच, आवाज न चढवता बोलणारी. ती दारातच उभी राहिली.

"बाई, आज पोरींनी आमच्या कंपनीतलं जेवण खाल्लं?"

"हो. पण ताटातलं नाही हं, पातेल्यातलं. कुणी हात न लावलेलं."

"मले माहीत आहे. मीच ती पातेली रोज धुते. माही पोरगी तुमच्याकडे खेळायले येते. दुसऱ्याचं उरलेलं खायले नाही येत."

मी खरं सांगते, मला तिचा रागच आला. दिवसभर मैदान, पहाटे स्वयंपाक, आणि वर हे ऐकून घ्यायचं. मी म्हटलं, "मग उद्या यांच्या पोटात काय घालू ते तुम्हीच सांगा."

"किती भाकरी लागतात?"

"सव्वाशे तरी."

"पीठ आहे?"

"ज्वारी आणू शकते. कणकेपेक्षा स्वस्त पडते. पण मला एवढ्या भाकऱ्या थापायला जमायचं नाही. मुळात माझ्या भाकऱ्या फुगत नाहीत."

ती पहिल्यांदा हसली. "माही ड्युटी आठला लागते. साडेपाचला येते."

दुसऱ्या दिवशी ती आली, आणि एकटी नाही आली. गल्लीतल्या तिघींना घेऊन आली. चौघींनी दोन पंपाचे स्टोव्ह पेटवले, काठवटी मांडल्या आणि पावणेआठला सव्वाशे भाकऱ्यांची चळत टोपलीत ठेवून, पदराला हात पुसत कामावर गेल्या. शेवटच्या दिवसापर्यंत रोज. मी फक्त पीठ दळून आणायचं आणि पाणी भरून ठेवायचं.

त्यानंतर मला गणित सुटत गेलं. मटकी रात्री भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी दुपटीहून जास्त होते, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण तीस पोरींसाठी पाच किलोचं गाठोडं बांधताना त्याचं मोल कळलं. एक दिवस मटकीची उसळ, एक दिवस पिठलं, एक दिवस आमटी. भाजी मंडईत दुपारी घ्यायची, विकणाऱ्या बायका घरी जायच्या घाईत असतात तेव्हा. सरावानंतर शेंगदाणे आणि गूळ कुटून केलेला एकेक लाडू.

पण नुसत्या तेवढ्यावर पळणाऱ्या पोरींचं भागणार नव्हतं. अंडी हवीत असं कप्तानच्या आईनेच सुचवलं. घाऊक व्यापाऱ्याकडे तडकलेली अंडी अगदी कमी भावात मिळायची, अट एवढीच की त्याच दिवशी संपवायची. मी मोपेडवर पायाशी दोन ट्रे ठेवून, खड्डे चुकवत आणले. शाळेत येऊन पातेल्यासमोर उभी राहिले आणि मग लक्षात आलं की चाळिशी गाठली तरी आपण आयुष्यात एक अंडं फोडलेलं नाही.

कप्तान माझ्याकडे बघत होती. "बाई, द्या इकडे." तिने एका हाताने कडेवर टकटक करून अंडं फोडलं, टरफल बाजूला टाकलं. "आता तुम्ही." माझं पहिलं अंडं मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तीस पोरी पोट धरून हसल्या. मैदानावर ज्यांना मी दोन वर्षं ओरडत होते त्या पोरी मला सांगत होत्या, "हळू बाई, घाबरू नका, परत करा." सातवं-आठवं नीट फुटलं. कांदा, मिरची, हळद घालून भुर्जी झाली. तिघी अंडं खात नव्हत्या, त्यांच्या पानात लाडू दुप्पट पडले.

घरी सासूबाईंनी माझ्या साडीचा वास घेतला. "शाळेत काय शिजवतेस ते मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे सांगूही नकोस." पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर शेंगदाण्याच्या कुटाचा डबा भरलेला होता. दुपारभर त्यांनीच कुटलं होतं. मी आभार मानले तर म्हणाल्या, "रिकामी बसले होते," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आठव्या दिवशी मी दोन्ही डाव सलग खेळवले. हातात घड्याळ धरून उभी होते. दुसऱ्या डावाच्या शेवटच्या मिनिटाला कप्तानने दिशा पकडली आणि खांबापर्यंत झेप घेतली, पहिल्या डावात घेते तशीच. मी शिट्टी वाजवायची विसरले. पोरी ओरडल्या, "बाई, वेळ संपली!"

स्पर्धेत आम्ही तीन सामने जिंकलो आणि उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरलो. समोरचा संघ आमच्यापेक्षा चांगला होता, एवढंच. पोरी रडल्या. पण दुसऱ्या डावात एकही पोर थकून बसली नव्हती, आणि हे त्यांनाही कळलं होतं. कारण परतीच्या टेम्पोत कप्तान म्हणाली, "बाई, यंदा आपण दमून नाही हरलो." त्यावर एक बारकी पोरगी लगेच म्हणाली, "पण भूक लागलीय." टेम्पो थांबवून मी सगळ्यांना वडापाव दिले. कुणीही "पुरे" म्हणालं नाही. दोन-तीन जणींनी तर मागून घेतले, माझ्या डोळ्यांदेखत.

मुख्याध्यापिकांना मी खोलीची किल्ली परत दिली. त्या स्वतः जाऊन भिंती बघून आल्या. काळ्या झाल्या होत्याच. "रंग कधी देताय?" त्यांनी विचारलं. एका रविवारी कप्तानच्या आईने आणि मी मिळून चुना मारला. भांडी घासून विहारात पोचवली, तेव्हा कार्यवाह फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी झारे पण न्या. दोन आहेत."

पुढच्या दिवाळीत शिबिराची सूचना फलकावर लावली आणि मैदानावर टेबल टाकून बसले. बावन्न पोरी आल्या. त्यांतल्या निम्म्या कधी खो-खो खेळलेल्या नव्हत्या. एकीला तर मैदानातल्या मधल्या पाटीवर कसं बसतात हेही माहीत नव्हतं. ती माझ्यासमोर येऊन खालमानेने उभी राहिली.

"खेळायचंय?" मी विचारलं.

तिने आधी मान डोलावली, मग हळूच म्हणाली, "जेवण असतं ना, बाई?"

"असतं," मी म्हटलं. "आधी जेव. पळायला मी शिकवते." आणि बावन्नच्या बावन्न नावं लिहून घेतली.