हलका धान, भारी धान

निखिलने लॅपटॉपवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. मी विचारलं, "हे दुसरं शेत कुठलं?"

"मॅडम, दोन्ही एकच शेत आहे," तो म्हणाला. "डावीकडचं सतरा दिवसांपूर्वीचं. उजवीकडचं आज सकाळचं."

डावीकडे कमरेइतका हिरवागार धान सरळ उभा होता. उजवीकडे लोंब्या बाहेर पडून वाकल्या होत्या आणि सगळ्यावर पिवळी झाक आली होती. निखिल माझा असोसिएट डायरेक्टर. बोलतो कमी, पण त्याचा चेहरा सगळं बोलून टाकतो. त्या सकाळी भंडारा जिल्ह्यातल्या आसगावच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्याचा चेहरा बघून मी लॅपटॉप जवळ ओढला.

पडद्यावर दोन मिनिटांत घडणारा सीन आम्ही तुकड्यातुकड्यांनी घेतो. कधी त्या तुकड्यांमध्ये महिना जातो. तरी कपडे, केस, कपातला चहा, आभाळ, सगळं तेच दिसावं लागतं. याला आम्ही कंटिन्यूइटी म्हणतो. हिरोच्या मनगटावरचं घड्याळ बदललं तर प्रेक्षक हसतात. इथे अख्खं शेत बदललं होतं.

चौदा वर्षं मी मालिका केल्या. सासू, सून, हळदीकुंकू, जिन्यावरून पडणं. मालिकेत शेत लागलं की आम्ही स्टुडिओच्या मागच्या गवतात कॅमेरा लावून भागवायचो. हा माझा पहिला सिनेमा होता, आणि हा त्याचा शेवटचा सीन. दहा वर्षांनी मुलगी गावी येते. आई धुऱ्यावर उभी असते. बास, एवढंच. मी मुंबईहून गावी जायचे तेव्हा माझी आई एस.टी. स्टँडवर तशीच उभी असायची. तो सीन डोक्यात होता म्हणून मी सिनेमा लिहिला. बाकी सव्वादोन तास त्या दोन मिनिटांपर्यंत पोहोचायचा रस्ता होता.

आईचे सगळे शॉट झाले होते. समोरच्या बाजूने मुलीचे घ्यायचे, त्याला रिव्हर्स म्हणतात, ते राहिले होते. ऐन वेळी मुलीचं काम करणारी इरा डेंग्यूने आजारी पडली आणि नागपूरला दवाखान्यात गेली. ती बरी होऊन आली, तोवर आईचं काम करणाऱ्या वसुधाताईंच्या तारखा संपून त्या दुसऱ्या शूटिंगसाठी परदेशी गेल्या होत्या. म्हणजे आईचं पुन्हा काही घेता येणार नव्हतं. इरा होती, तीही दोनच दिवस. आणि धान निसवला होता. निसवणं म्हणजे पोटरीतून, पानांत गुंडाळलेल्या फुगीर देठातून, लोंबी बाहेर पडणं. त्यानंतर धान पुन्हा कधी तसा दिसत नाही.

निर्माते वर्तकसाहेब यांना फोन लावला.

"त्यात काय! इराला स्टुडिओत हिरव्या पडद्यापुढे उभी कर. मागचं शेत व्हीएफएक्सवाले टाकतील," ते म्हणाले.

"सर, धुऱ्यावरचा वारा, पायाखालचा चिखल, तो उजेड पडद्यापुढे येत नाही. खोटं दिसेल."

"कुणाला कळतंय?"

"भंडाऱ्यात कळेल."

"भंडाऱ्यात थिएटरं किती आहेत गं?"

मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला, आणि मऊ झाला की मला जास्त भीती वाटते. "हे बघ, उद्या संध्याकाळी पॅक-अप. सीन झाला तर झाला. नाही तर ते धुऱ्याचं प्रकरण काढून टाकू. शेवटी आईचा एक फोटो आणि वर व्हॉइसओव्हर. एडिटरशी मी बोललोय."

म्हणजे माझ्या सिनेमाचा शेवट माझ्याआधी एडिटरला कळला होता.

आता एक गोष्ट कबूल करते. ही आपत्ती आभाळातून पडली नव्हती, मी स्वतः ओढवून घेतली होती. सीनमध्ये मागे काम करताना दिसायला आम्ही गावातल्या दहा बाया घेतल्या होत्या. शेवंताबाई त्यांची मुकादम. एरवी रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या, दिवसांत बायांची टोळी घेऊन ती गावोगाव जाते. शेत, म्हणजे इथल्या बोलीत बांधी, निवडलं त्या दिवशीच ती मला म्हणाली होती, "मॅडम, हा हलका धान होय. लवकर निसवते. तुमचं काम लांबलं त फसान. भारी धानाची बांधी पाहा ना."

आणि मी सगळ्या युनिटसमोर म्हटलं होतं, "मावशी, मी याच जिल्ह्यातल्या सिहोऱ्याची आहे. धान मला नका शिकवू."

सिहोऱ्याची मी आहेच. पण मास्तरांची मुलगी. धानाशी माझा संबंध ताटात वाढलेल्या भातापुरता. हलका म्हणजे लवकर येणारा आणि भारी म्हणजे उशिरा येणारा, हे सिहोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मला ते धान निसवल्यावर निखिलने इंटरनेटवर वाचून सांगितलं. निखिल दादरचा आहे.

शेवंताबाईच्या घरी गेले तेव्हा ती ओसरीवर लाखोरीची डाळ पाखडत होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली नातीची शाळेतली प्रमाणपत्रं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मावशी, माझं चुकलं."

"काय चुकलं वो?" सूप थांबलं नाही.

"तुम्ही धानाचं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"तुमाले वाटलं, हे रोवणीवाली काय सांगते."

"हो. तसंच वाटलं."

तिने सूप खाली ठेवलं. "मंग बसा. काहून उभ्या हाय?"

मी फोनवर जुना फोटो दाखवला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला, पानं बघितली, पाणी बघितलं. आमच्या कॅमेरामनने तो फोटो इतका नीट बघितला नव्हता.

"हा पोटरीत होता. तुमाले असाच पायजे ना?"

"हाव," मी म्हटलं. कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून तो शब्द निघाला. शेवंताबाई हसली.

"मंग हलक्या धानात काय पाहून राहिल्या? तो आता कापाले येते. भारी धान पायजे, अन तो बी उशिरा रोवलेला." ती बोटांवर मोजू लागली. "राखी झाल्यावर आमची टोळी दूर गेली होती रोवणीले. तिकडं नहराच्या शेवटच्या बांधीले पानी उशिरा पोचलं होतं. तो धान आज तुमच्या या फोटोवानी असन. माह्या हातानं रोवला आहे."

"कुठे, मावशी?"

"तुमच्याच सिहोऱ्याले," ती म्हणाली, आणि पुन्हा सूप उचललं.

तासाभरात आम्ही जीपमध्ये होतो. मी, निखिल, कॅमेरामन आणि पुढच्या सीटवर शेवंताबाई. आसगाव जिल्ह्याच्या एका टोकाला, सिहोरा दुसऱ्या. वाटेत एकदाही तिने रस्ता विचारला नाही. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, टोकाशी जीप थांबली आणि मी खाली उतरले. समोर आमचं सतरा दिवसांपूर्वीचं शेत उभं होतं. तोच हिरवा रंग, तशीच फुगलेली पोटरी, एकही लोंबी बाहेर नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

निखिलने मात्र लगेच अडचणींची यादी काढली. धान आधीच्यापेक्षा वीतभर उंच होता. त्यावर आमच्याकडे साधा उपाय असतो. इराच्या पायाखाली धुऱ्यावर लाकडी फळ्या ठेवायच्या आणि फ्रेममधून पाय कापायचे. पण दुसरी अडचण मोठी होती. जुन्या शॉटमध्ये बांधीत पाणी होतं आणि त्यात आभाळ चमकत होतं. इथे नुसता ओला चिखल. आणि मुख्य म्हणजे शेताच्या मालकाला अजून विचारलंच नव्हतं.

मालक स्वतःच सायकलवरून आले. रहांगडालेभाऊ. साठीचे, डोक्याला दुपट्टा, चेहऱ्यावर राग. "कोन हाय रे? धुऱ्यावर काय करून राहिले?"

मी नाव सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"मास्तरची पोरगी होय का तू? तुह्या बापानं मले सातवीत लय झोडपलं होतं."

आता संपलं, असं मला वाटलं.

"म्हणून त पास झालो," ते म्हणाले. "करा काय करायचं ते. पन बांधीत एक पाय नाही पडला पायजे. पोटरीतला धान हाय."

पाण्याचं शेवंताबाईने त्यांच्याशी परस्पर ठरवलं. वरच्या बांधीत पाणी होतं. धुऱ्याला फावड्याने तोंड पाडलं की ते खाली उतरणार होतं. "आता सोडलं त सकाळवरी बरोबर भरते. जास्त झालं त मी बुजवतो," रहांगडालेभाऊ म्हणाले. मुंबईत यासाठी मला टँकर आणि तीन परवानग्या लागल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत युनिट सिहोऱ्यात हजर होतं. वसुधाताईंचे शॉट सकाळी सात ते साडेआठच्या उजेडात झाले होते, म्हणजे आम्हालाही तेवढाच वेळ. पाणी घोट्याइतकं भरलं होतं. कॅमेरामनने मॉनिटरवर जुनी फ्रेम आणि नवी फ्रेम आलटून पालटून दाखवली. शिवण कुठे आहे ते मलाही सापडलं नाही.

पहिले दोन टेक वाया गेले. इरा चालत यायची, थांबायची, समोर बघायची आणि डोळ्यांत काहीच नसायचं. तिचा दोष नव्हता. समोर आई नव्हती, कॅमेऱ्याशेजारी निखिल उभा राहून आईचं वाक्य वाचत होता. याला क्यू देणं म्हणतात. निखिलने "आलीस बाळा?" म्हटलं की दवाखान्यात रिपोर्ट देणारा माणूस आठवायचा. घड्याळात पावणेआठ झाले होते.

मी शेवंताबाईला म्हटलं, "मावशी, तुम्ही उभ्या राहा इथे. ती आली की म्हणा, आलीस बाळा."

"असं कोन म्हनते?"

"मग काय म्हणतात?"

"जे म्हनतेत ते म्हनतो मी."

कॅमेरा सुरू झाला. इरा धुऱ्यावरून आली, थांबली. शेवंताबाईने पदर कपाळावर ओढून उन्हाआड हात धरला आणि हाक मारली, "आली का वो माय?"

इराच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी चौदा वर्षांत एकाही नटीच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मी ‘कट’ म्हणायला विसरले. एस.टी.च्या पायरीवरून उतरताना मी हेच ऐकायचे. अगदी हेच चार शब्द. आणि माझ्याच आईसाठी लिहिताना मी "आलीस बाळा" लिहिलं होतं. मालिकांनी माझी कंटिन्यूइटी केव्हाच बिघडवली होती, ते मला तिथे कळलं.

साडेआठला सगळे शॉट संपले. बांधीत एकही पाय पडला नव्हता. रहांगडालेभाऊंनी धुऱ्याचं तोंड बुजवलं आणि युनिटला पोहे खाऊ घातले.

पुढे डबिंगला वसुधाताईंनी शेवंताबाईचा आवाज कानाला लावून अकरा वेळा ऐकला. ते वाक्य इराच्या चेहऱ्यावर ऐकू येतं, त्यामुळे ओठ जुळवायचा प्रश्न नव्हता. बाराव्या वेळी त्यांनी ते म्हटलं आणि रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून टाळ्या वाजवल्या. वर्तकसाहेबांनी सिनेमा बघितला, डोळे टिपले आणि विचारलं, "शेवटचं शेत फारच छान झालंय. व्हीएफएक्स कुणी केलं?"

"आसगावच्या एक बाई आहेत," मी सांगितलं.

"त्यांचा नंबर ठेव. पुढच्या वेळी त्यांनाच देऊ."

खरी परीक्षा भंडाऱ्याच्या थिएटरात होती. पाचशे माणसं, त्यात निम्मी धान पिकवणारी. आधीच्या एका सीनमध्ये हिरोने विळा उलटा धरला होता, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलंच, "अरे, हात कापन!" आणि सगळं थिएटर हसलं. मी खुर्चीत आणखी खाली सरकले. शेवटचा सीन आला. आई हलक्या धानापुढे, मुलगी भारी धानापुढे, मधे अख्खा जिल्हा. कुणी हूं की चूं केलं नाही. नंतर फक्त नाक ओढल्याचे आवाज आले.

शेवंताबाई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या पलीकडे नात.

"कोनाले नाई कळलं वो," ती कुजबुजली. "अन ते बाई बोलली बी बरोबर."

मग पडद्यावर नावं सुरू झाली. लोक उठून चपला शोधू लागले. नातीने आजीचा दंड धरला आणि मोठ्याने वाचलं, "कंटिन्यूइटी: शेवंताबाई, आसगाव." ही जागा निखिलच्या नावाची असते. ती त्याने स्वतःहून सोडली होती.

शेवंताबाईने नातीला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग मला विचारलं, "याचा मतलब काय होते?"

"तुमच्यामुळे तुटलेलं जुळलं, असा," मी म्हटलं.

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली.

हल्ली नवे दिग्दर्शक सल्ला विचारायला येतात. लेन्स कुठली, लाइट कसा, असं. मी त्यांना सांगते, शेतात शूटिंग असेल तर आधी धानाचं नाव विचारा. आणि तुम्ही त्याच गावचे असाल तर दोनदा विचारा.