एक खेळाडू जास्त

हरणाऱ्या टीमच्या कपाटात ट्रॉफ्या नसतात, पण किस्से मात्र मावत नाहीत. आम्ही पुण्याच्या बायका आइस हॉकी खेळतो, किस्सा इथूनच सुरू होतो. बर्फ दिसतो वर्षातून एकदा, उत्तरेतल्या स्पर्धेत. एरवी आम्ही वारज्याच्या सिमेंटच्या रिंकवर, चाकांचे स्केट्स घालून पकच्या, म्हणजे रबरी चकतीच्या, मागे.

आमचं दुखणं म्हणजे पॉवर प्ले. समोरच्या टीममधली एखादी चुकली की तिला दोन मिनिटं बाहेर बसवतात. गोलकीपर सोडून त्या चौघी, आपण पाच. सगळं जग अशा वेळी गोल करतं. आम्ही दोन वर्षांत एकही केला नव्हता!

* * *

एकदा आमचे कोच नेनेसर यांनी विचारलं, मोकळा गोल समोर असताना मारला का नाही? अनघा म्हणाली, केतकीताई जास्त चांगल्या जागी होती. केतकीताईला वाटलं मला द्यावा. आणि मी तो पुन्हा अनघाला दिला होता.

सर शांतपणे म्हणाले, "पक आहे तो. हळदीकुंकवाचं वाण नाही."

* * *

सरावाला पाचजणी कधी जमतच नाहीत. अनघाची लोणी काळभोरच्या कॉलेजात परीक्षा असते, नाहीतर आमच्याकडे धायरीत टँकर यायचा असतो. समोर ज्युनियर मुलं मात्र पाचच्या पाच हजर. त्यामुळे चौघींनी पाचजणांशी कसं लढायचं, हे आम्हाला झोपेतही जमतं.

एका रविवारी चक्क पाचहीजणी आल्या. दहा मिनिटांत आम्ही एकमेकींवरच आदळलो. सरांनी शिट्टी खिशात ठेवली. "पुढच्या रविवारी एकीने आजारी पडा."

* * *

केतकीताई आमची कॅप्टन, शाळेत शिकवते. चहा पिताना मी तिला विचारलं, आपलं नक्की चुकतं कुठे?

ती म्हणाली, "चौघी लढून हरल्या तर लोक शाबास म्हणतात. पाच असून चुकलं, तर जिने मारला तिचीच चूक."

मला ते फार लागलं. ऑफिसातही सोपं काम आलं की मी तो मेल दुसऱ्या कुणाला तरी फॉरवर्ड करते.

त्याच दिवशी तिने गुडघ्याचं सांगितलं. डॉक्टरांनी हा शेवटचा सीझन म्हणून बजावलं होतं. बर्फावर आम्ही एकही मॅच जिंकलो नव्हतो. तिला जाण्याआधी एक हवी होती, बस.

* * *

यंदाची शेवटची मॅच. एक-एक बरोबरी, अडीच मिनिटं उरलेली, आणि समोरची एक बाहेर बसली. पॉवर प्ले! आमचं नेहमीचं सुरू झालं. हिच्याकडून तिला, तिच्याकडून हिला.

मिनिटभर केतकीताईने पाहिलं. मग ती सरळ बेंचकडे गेली, फाटक उघडून आत बसली. सर दुसरीला पाठवायला उठले, तर हिने त्यांची बाही धरली. "कुणालाच पाठवू नका."

पक माझ्याकडे आला. मी सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. मी मारला.

गोल! मग उरलेला वेळ आम्ही कसाबसा काढला आणि जिंकलो.

सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या. मी बेंचपाशी गेले, तर केतकीताई खाली वाकून स्केट्सच्या नाड्या सोडत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, तू बर्फावर असायला हवी होतीस गं."

तिने मान वर न करताच सांगितलं, "असते तर मलाच दिला असतास."