आठ नावांखालची सही

चाकणच्या कंपनीत मी सेफ्टी विभागात लागले, तेव्हा दोरावरच्या बचावाचं काम आपसूक माझ्याकडे आलं. विभागात दोरावर खरोखर लटकलेली मी एकटीच होते. चिंचवडला राहायचे तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मावळातल्या कड्यांवर जायचे. पुढे रीतसर प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, पहिल्यांदा नापासही झाले. टाकीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याला दोराने वर काढायचं, हे माझं काम.

त्या वर्षी बाहेरची तपासणी यायची होती. साहेबांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. आठ कामगारांची नावं, प्रत्येकापुढे ‘सक्षम’ असा छापील शब्द, आणि खाली माझ्या सहीची जागा. या आठ जणांनी एका दुपारी पडद्यावर चित्रं पाहिली होती आणि प्रमाणपत्रं हातात धरून फोटो काढले होते. दोराला हात कुणी लावला नव्हता.

“सर, मी सही करणार नाही.”

“अहो, सगळं सामान नवं कोरं आहे. परदेशी आहे.”

“सामान आपलं आपण माणूस ओढत नाही, सर. मला टाकीत सोडा. यांनी वर काढलं, तर तिथेच सही करते.”

“फार हट्टी आहात तुम्ही, मॅडम.”

“आहे.”

आग विझवायच्या पाण्याची जमिनीखालची टाकी साफसफाईसाठी रिकामी होती. मी आतली हवा तपासली, भिंतीतली लोखंडी शिडी हलवून पाहिली आणि माझ्यासाठी एक जादा दोर वेगळा बांधला. तो मात्र मीच बांधला. मग तळाशी जाऊन बेशुद्ध माणसासारखं अंग सैल सोडलं.

वरून जोर लागला. मी हातभर वर गेले आणि हातभर खाली आले. पुन्हा वर, पुन्हा खाली. दोर मागे घसरू नये म्हणून एक दातेरी पकड लावतात. ती त्यांनी उलटी लावली होती. शेवटी सगळ्यांनी मिळून नुसत्या हातांनी ओढलं, मी निम्म्यावर आले आणि तिथेच अडकले. वर एकच गलका. “तू ओढ राव!” “आरं, सोडू नको!” अंगाला बांधलेल्या हार्नेसचे पट्टे मांड्यांत रुतले, पायांना मुंग्या आल्या. मला भीती वाटली नाही, संताप आला. माझ्या जागी खरंच कुणी बेशुद्ध असता तर?

मी झोका घेऊन शिडी पकडली आणि माझी मी वर आले. साहेब झाकणाशी उभे होते.

“सर, पेन आहे? काय लिहू, सांगा.”

दोन दिवसांनी मला पत्र मिळालं: असहकार्य. मी उत्तरात झालेला प्रकार जसाच्या तसा लिहिला आणि त्याची प्रत तपासणीला आलेल्या माणसाच्या हातात सगळ्यांदेखत ठेवली. बचाव नीट जमेपर्यंत त्याने टाकीतली सगळी कामं थांबवली. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बरं झालं.

पण त्या आठांतला सगळ्यात वयस्कर, निघोज्याचा फिटर, चहाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. “ताई, त्या दिवशी लाज वाटली. आमाला नीट शिकवा. आमी शिकू.”

मग रोज शिफ्ट सुटल्यावर तासभर आम्ही शेडमागे दोर घेऊन बसायचो. गाठी, पकड, कप्पी. डोळे बांधूनसुद्धा जमेपर्यंत मी कुणाला सोडलं नाही. दर शनिवारी एकाला टाकीत उतरवायचं आणि बाकीच्यांनी वर काढायचं. फिटरचे हात सगळ्यात सावकाश चालायचे, पण चुकायचे नाहीत.

पावसाळा संपता संपता मी प्रत्येक नावापुढे सहीची वेगळी जागा असलेला नवा कागद मागवला आणि सहा नावांपुढे सही केली. दोघांना अजून जमत नव्हतं. साहेब म्हणाले, “आता दोघांसाठी कशाला अडता?”

“टाकीच्या तोंडाशी नेमके तेच दोघे असले तर?”

त्या दोघांतला एक पुढे शिकला. दुसरा अजून माझ्याशी बोलत नाही. कँटीनमध्ये मी दिसले की ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातो. जाऊ दे. त्याच्या नावापुढची जागा मी कोरीच ठेवली आहे.