उठता उठेना असा पाहुणा

हे सांगायचं म्हणजे आधी पदराने तोंड झाकून घ्यायला हवं. पण तुम्ही आपलीच माणसं. चहा निवेपर्यंत ऐका आणि कपाबरोबर इथेच ठेवून जा!

लग्न होऊन मी पिंपरी पेंढारला आले ती लॅपटॉप घेऊनच. पुण्याच्या कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली होती, तीही 'बघू जमतंय का' अशी. नाही जमलं, तर मी पुण्यात आणि हे इथे टोमॅटोच्या वावरात. सगळा नवा संसार त्या एका 'बघू'वर टांगलेला.

माझं काम लोड बॅलन्सरचं. घाबरू नका! लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक काका उभे असतात ना, "पावणं, तुमी या पंगतीत बसा, तुमी त्या" करत? तेच काम. फक्त पाहुणे म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरवर ऑर्डरी भरणारे लोक, आणि पंगती म्हणजे सर्व्हर. एखादा सर्व्हर दुरुस्तीला काढायचा, तर त्यावर नवा माणूस बसवायचा नाही. बसलेले जेवून उठले, की मग झाडलोट.

त्या दुपारी हे सगळं मी पहिल्यांदाच एकटीने करणार होते. सर्व्हर धडधाकट आहे ना, हे आधी स्वतः आत शिरून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतलं. मग नवे पाहुणे बंद केले. बसलेल्याला किती वेळाने उठवायचं, असा एक आकडाही तिथे भरायचा असतो. मी तो रिकामा ठेवला. जेवत्या माणसाला उठवायचं? आमच्या घरात कुणी उठवलं असतं का?

माणसं भराभर कमी झाली. शेवटी उरला एक. तो काही उठेना!

इकडे ओसरीवर निमगाव सावाच्या आत्याबाई आलेल्या, माझ्या सासऱ्यांच्या बहीण. खास नवी सून बघायला. दाराबाहेरून सासूबाईंची हाक आली.

"सूनबाई, आत्याबाई निघाल्यात गं! कुंकू लावाया ये."

"आले आई! एकच माणूस राहिलाय."

"माणूस? आत कोन माणूस?"

"कंप्युटरमधला, आई!"

"असू दे गं वहिनी," आत्याबाईंचा आवाज. "नव्या नवरीच्या हातचं कुंकू घेतल्याबिगर मी उंबरा वलांडायची न्हाई. टाक आजून घोटभर च्या."

उठावं म्हटलं, तर कॉलवर सगळी टीम माझ्यासाठी खोळंबलेली. मी बाहेर जायला आणि तो उठायला एकच गाठ पडली तर?

"तोडून टाक ना त्याला," रश्मी मॅडम, म्हणजे माझ्या मॅनेजर, वैतागून म्हणाल्या.

मीटिंगमध्ये 'हो मॅडम'च्या पुढे कधी न बोललेली मी, त्या दिवशी मला काय झालं देव जाणे!

"नको मॅडम! बिचारा मन लावून काम करतोय. सारखी हालचाल दिसतेय त्याची. मोठी ऑर्डर असणार. अशा कष्टाळू माणसाला मध्येच हाकलायचं?"

मला वाटलं, माझ्या माणुसकीने सगळे भारावले!

तेवढ्यात सासूबाई दार लोटून आत आल्या. कुजबुजल्या, "अगं, त्यांची येष्टी गेली. शेवटची व्हती. आता मुक्काम. तुझा मानूस उठंना व्हय आजून?"

"निदान नाव तरी बघ त्याचं," मॅडम म्हणाल्या. "आपण फोन करून विनंती करू."

माझी स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. मी नाव उघडलं.

माझंच होतं.

सुरुवातीला सर्व्हर तपासायला उघडलेलं पान बाकीच्या खिडक्यांमागे तसंच उघडं होतं, आणि आपलं आपण ताजं होत बसलं होतं. तीच ती हालचाल! कष्टाळू माणूस मीच!

कुणीतरी हळूच विचारलं, "ऑर्डर किती मोठी आहे हो?"

मी पान बंद केलं. उरलेल्या माणसांचा आकडा शून्य. धरणी दुभंगेल म्हणून वाट पाहिली, पण तीही मेली जागची हलेना.

"तो उठवायच्या वेळेचा रिकामा आकडा आधी भर," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "आणि राहा तिथेच, पिंपरी पेंढारला. इथे ऑफिसात आलीस तर शेवटचा माणूस उठायची वाट बघत घरीच जाणार नाहीस तू!"

करंडा घेऊन मी ओसरीवर गेले. आत्याबाईंना हळदीकुंकू लावलं, वाकून पाया पडले.

"गेला का तुझा पावना?"

"गेला."

"कोन व्हता एवढा?"

खोटं बोलायला मला जमत नाही. "मीच होते, आत्याबाई."

आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी मी बसले तुझ्यासाठी, आन तू बसली तुझ्यासाठीच? आन येष्टी गेली माझी!"

मी मान खाली घालून भाकरीचं पीठ काढलं. आत्याबाई मुक्कामाला कुणामुळे राहिल्या, हे कळायला या वेळी नाव उघडून बघायची गरज नव्हती.