गेगार्दच्या दारातले बूट

आमच्या घरात काळजीचं खातं माझ्याकडे आहे. नवरा म्हणतो, तुला काळजी करायला काही मिळालं नाही तर त्याचीही काळजी वाटते. म्हणू दे. पण त्या आठवड्यात मी उगीच जिवाला घोर लावून घेतला नव्हता. सत्तरी ओलांडलेले माझे बाबा पुण्याहून एका टूरबरोबर आर्मेनियाला गेले होते, एकटे, आणि मी इथे जपानात, कावासाकीच्या ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजच्या गडबडीत अडकून पडले होते.

ट्रिप खरं तर आईबाबांची, दोघांची. बाबांनी जन्मभर सरकारी नोकरीत पूल बांधले, त्यामुळे दगडाचं वेड. आईने कुठेतरी तिथल्या डोंगरातल्या जुन्या चर्चचे आणि मठांचे फोटो पाहिले आणि दोघांचं ठरलं, जायचंच. ते राहिलं, आणि दोन वर्षांपूर्वी आई गेली. यंदा बाबांनी हट्टच धरला. पुण्यातला भाऊ म्हणाला, "जाऊ दे की, तेवढंच मन रमेल." त्याला सगळंच सोपं वाटतं. बाबा फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगतात, गॅसवर दूध ठेवून फिरायला निघून जातात, हे मी त्याला सांगितलं तर म्हणे, "वय झालंय, तू बाऊ करू नकोस." अरे, पण हे नुसतं वय आहे की दुसरं काही, ते आधी कळू तर दे! ऐकेल तर शपथ.

पहिले काही दिवस बाबा मजेत होते. रोज फोटो यायचे. दगडात कोरलेले क्रॉस, इतके नाजूक की जाळीच वाटावी. वाळूच्या ताटात खोचलेल्या बारीक मेणबत्त्या. मठाच्या वाटेवर बायका विकतात ती गोल, गोड रोटी. खाली बाबांचं भाष्य, "चुन्याचं काम बघ. आपल्या कंत्राटदारांना आणून दाखवायला पाहिजे." मी मात्र चर्च बघतच नव्हते. फोटो मोठा करून स्वेटरची बटणं नीट लागलीत का, डोळे कुठे बघतायत, एवढंच तपासायचे. ऑफिसातून फुनाबोरीला घरी पोहोचेपर्यंत माझा तोच उद्योग.

त्या दिवशी ऑफिसातून निघताना मेसेज आला होता, "गेगार्दला पोचलो. अगं, हे तर आपलं वेरूळ! अर्धं चर्च डोंगर कोरून काढलंय. आत झरा आहे म्हणतात." छान वाटलं. म्हटलं, चला, एवढं सुचतंय म्हणजे सगळं ठीक आहे.

लोकलमध्ये बसले आणि टूरबरोबरच्या मुलीचा मेसेज आला. "ताई, काका बसमध्ये यायला तयार नाहीत. चर्चच्या पायरीवर बसून आहेत. जरा बोलता का?"

इथे गाडीत फोनवर बोलणं म्हणजे देवळात चपला घालून शिरण्यासारखं. सगळा डबा चिडीचूप. मधलं जे स्टेशन आलं तिथे धक्के देत, "सुमिमासेन, सुमिमासेन" अशी माफी मागत उतरले आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन फोन लावला.

"सगळा ग्रुप बघून आला, ताई," ती मुलगी रडवेली झाली होती. "काका आत गेलेच नाहीत. बूट काढून शेजारी ठेवलेत आणि बसलेत. इथे बूट काढत नाहीत म्हटलं, तर माझ्यावरच ओरडले."

मला हसूच फुटलं. देव कुणाचा का असेना, उंबऱ्याबाहेर पादत्राणं काढायची, हे बाबांच्या अंगातच आहे. एवढंच ना! म्हटलं, द्या त्यांना फोन.

"अगं, ही पोरगी मघापासून उठा उठा करतेय," बाबा वैतागले होते. "तुझी आई आत गेलीये. ती आल्याशिवाय मी उठू कसा? बूट कोण बघणार?"

मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर बसले.

आमच्याकडे तीच पद्धत होती. चपलांच्या स्टँडवर दोघांचाही विश्वास नव्हता. कुठल्याही देवळात आधी आई आत जायची, बाबा बाहेर चपला राखायचे. ती आली की मग बाबा. आईला यायला नेहमी उशीर, आणि बाबांची नेहमी तीच कुरकुर.

आता मी काय सांगू? आई गेली हो बाबा, असं परक्या देशातल्या पायरीवर, अनवाणी बसलेल्या माणसाला सांगू? भावाचा एवढा राग आला, की तो समोर असता तर काही खरं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या आत. बुटांवर मी लक्ष ठेवते."

"तू? तिकडून?"

"फोन त्या मुलीकडे द्या, ती बुटांशेजारी ठेवेल. कुणी हात लावला तर इथून बोंब ठोकते."

"तू जपानहून पाठवलेलेत म्हणून जपतोय हो. महागाचे असतील."

"जा तुम्ही. मी आहे."

फोन दगडावर ठेवल्याचा आवाज आला. त्याआधी, तो मुलीच्या हातात आला तेव्हा, मी तिला हळूच सांगितलं होतं, त्यांच्या मागे मागे जा. मग नुसता वारा. कुणाची तरी पावलं, कुणाचं तरी हसणं, लांबवर कुत्रं. इकडे गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि मी कान दाबून आर्मेनियातल्या एका पायरीवरचे बूट सांभाळत होते. वेडी झाले असते तरी फोन ठेवला नसता.

खूप वेळाने फोन उचलला गेला.

"आहेत बूट," बाबा म्हणाले.

"बघितलंत ना सगळं?"

"आत काळोख आहे गं. झऱ्याचं पाणी फरशीवरून वाहतं, पाय गारठले. तुझ्या आईला प्रत्येक कोपऱ्यात शोधलं." आवाज बारीक झाला. "मग आठवलं."

मग त्यांनीच विचारलं,

"तुला माहीत होतं ना? तरी म्हणालीस, जाऊन या."

"हो, बाबा."

"बरं केलंस. त्या पोरीसमोर नको होतं." नाक ओढल्याचा आवाज आला. "तू ये गं पुण्याला. मला आता एकट्याला नाही जमायचं."

"येते," मी म्हटलं. "आधी बूट घाला. बस थांबलीये."